पुडीतला कापूर

८ ऑगस्ट १९५९, फुलसावंगी

कापूर आणला एकदाचा. दोन तोळे. त्यासाठी जे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

बाबाराव दुकानदार पुडी बांधता बांधता म्हणाला, ‘गुरुजी, तुमी तं देव सोडले ना? मंग कापूर कायले?’ दुकानात चार माणसं होती. चारही हसली. शाळेला पाहिजे म्हणालो, विज्ञानाच्या पाठाला. ‘हो हो, शाळेलेच,’ म्हणाला. पुडी हातात न देता फळीवर ठेवली, नेहमीसारखी. मी उचलली, नेहमीसारखी. तीन वर्षं होत आली धम्मदीक्षा घेऊन. आम्ही बदललो, बाबारावची फळी तिथंच आहे.

पाठ असा — पदार्थाच्या तीन अवस्था. स्थायू, द्रव, वायू. पंचवीस तारखेला डिप्टीसाहेब तपासणीला येणार, आणि सातवीचा पाठ मी घ्यायचा. शेरा चांगला पडला तर नोकरी कायम. तूप थिजतं-वितळतं हे पोरं घरी पाहतात. पाण्याची वाफही पाहतात. त्यांना दाखवायचा आहे तो कापूर. तापवला तर त्याचं पाणी होत नाही. मधली पायरी गाळून एकदम वाफ! वर गार वाटी पालथी धरली की तिच्या पोटाला पांढरा थर बसतो. तो पुन्हा कापूरच. मास्तरकी शिकताना नॉर्मल स्कूलमध्ये पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दिवसभर कोणाशी बोललो नव्हतो.

घरी आलो तर आईनं पुडीचा वास घेतला, डोळे मिटून. मी म्हणालो, ‘शाळेचा हाय. हात नोको लावू.’ पावसाळी हवा, सर्दायला नको म्हणून चुलीवरच्या फळीवर ठेवला. तिथं कोरडं असतं.

९ ऑगस्ट

हेडमास्तरांकडे चहा. माझा कप खिडकीत वेगळा असतो, कान तुटलेला. ‘देवराव, नावातला देव कवा काढता?’ म्हणाले. म्हणालो, पेन्शनीत गेलो की काढतो. हसले. चहा चांगला होता. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

या गावात मोकळं बोलणारी माणसं दोन. एक आई, दुसरी दूध घालणारी मोतीबाई. तिचा तांडा गावाबाहेर आहे. सकाळी दूध मापते आणि मग अर्धा तास आईशी बोलत बसते. दोघींना एवढं काय बोलायचं असतं, मला कधी कळलेलं नाही.

१७ ऑगस्ट

अंग मोडून आलंय. डोकं ठणकतं. शाळेत जाणारच.

३ सप्टेंबर

पंधरा दिवस पान कोरं. मुदतीचा ताप. हात अजून कापतो, अक्षर पाहा कसं आलंय! पोरांना याच अक्षराला छड्या मारल्या असत्या.

नदीला पूर होता. डॉक्टर पलीकडे अडकला. डिप्टीसाहेबांचा दौराही रद्द, आता डिसेंबरात. मोतीबाई आज म्हणाली, ‘दोन दिस तू बोललाच नाही, गुरुजी. तुयी याडी जेवली बी नाही.’ याडी म्हणजे आई, त्यांच्या बोलीत.

मला त्या दिवसांतलं एकच आठवतं. डोळे उघडले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. हाक मारायची होती, आवाज निघाला नाही. मग पुन्हा काही नाही.

आई वाळली आहे. नुसती पेज वाढते आणि समोर बसून राहते, वाटी रिकामी होईपर्यंत.

१९ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहून ठेवतो.

शाळेतून आलो. म्हटलं, प्रयोग एकदा घरी करून पाहावा, वर्गात फजिती नको. पुडी काढली. हलकी लागली. उघडली तर तळाला चार-पाच खडे आणि थोडा चुरा. पाऊण तोळाही नसेल! पुडी फाटलेली नाही, उंदराचा दात नाही. कापूर उंदीर खातही नाही.

घरात माणसं दोन. मी तर पडलेला होतो.

आईला विचारलं, ‘कापूर कुठं गेला?’ ती जवळ आली. पुडीत पाहिलं आणि म्हणाली, ‘एवढाच राह्यला?’

नाटक! माझं डोकंच फिरलं. म्हणालो, ‘मले कायले विचारतं? तू ओवाळून राह्यली असशीन मी शाळेत गेल्यावर. कोणत्या देवीले? नदीतून परत आणली काय?’ मी थांबलो नाही. वडील गेल्यावर देव तिनंच सांभाळले होते. छप्पन साली दीक्षा घेऊन आलो आणि तिनंच ते शेंदराचे गोटे पदरात बांधून गावाकडच्या अडाण नदीत नेऊन टाकले. मला हात लावू दिला नाही. मागं वळून पाहिलं नाही. अख्ख्या मोहल्ल्यात मी ते अभिमानानं सांगत फिरलो. आज तिला म्हणालो, ‘ते सारं ढोंग होतं म्हणजे. बाबाराव दुकानदार बरोबर हसते आपल्याले.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. रडली असती तर मी थांबलो असतो, असं आता वाटतं. परातीत पीठ काढलं आणि भाकरी थापायला बसली.

जेवलो नाही. भूक होती.

२० सप्टेंबर

सकाळी उठलो तर तिचं गाठोडं बांधलेलं. ‘मी जातो सत्यशीलेकडे,’ म्हणाली. सत्यशीला माझी धाकटी बहीण, बोरी अरबला दिलेली. मी म्हणालो, ‘जा.’ एवढंच. मोटारीपर्यंत पोचवायलाही गेलो नाही, मोतीबाई गेली. पुसदला मोटार बदलावी लागते, दिग्रस, दारव्हा, मग बोरी. तिला पाटी वाचता येत नाही. कोणाला विचारलं असेल?

चुलीवर भाकरी झाकून ठेवलेल्या होत्या. पाच. दोन दिवस पुरतील अशा.

२७ सप्टेंबर

भाकर थापणं हा काय प्रकार आहे! परातीत गोल होते, उचलली की फाटते. गोळाच तव्यावर टाकला. वरून जळाला, आतून पीठ. खाल्ला. मोतीबाई दारातून पाहत होती. ‘याडी कवा येते?’ म्हणाली. म्हटलं, येईल. ‘तू आणाले गेल्याबिगर?’ मी दुधाचं भांडं उचलून आत आलो.

४ ऑक्टोबर

रविवार. दिवसभर एक शब्द बोललो नाही. सूर्य कलल्यावर सहज ‘आई’ म्हणून पाहिलं. आवाज घोगरा निघाला.

कार्ड लिहिलं. ‘मी खुशाल आहे, प्रकृतीस जपावे.’ जागा उरली तरी पुढे काही सुचलं नाही. तसंच टाकलं पेटीत.

१४ ऑक्टोबर

दीक्षेचा दिवस. फोटोपुढे मेणबत्ती लावली. मागल्या वर्षी आईनं पांढरं लुगडं नेसून त्रिशरण म्हटलं होतं. तिसऱ्यांदा ‘संघं’ म्हणताना तिला दम लागला होता, तरी पुरं केलं. आज मी एकट्यानं म्हटलं. एकट्यानं संघाला शरण जायचं म्हणजे कसं, कोणास ठाऊक. मेण ओघळून खाली थिजलं. ते सुरीनं खरवडून डबीत ठेवलं, पाठाला चालेल.

माझा राग अजून गेलेला नाही, हे खरं लिहितो. पण राग धरून बसायलाही घरात दुसरं माणूस लागतं.

२२ ऑक्टोबर

सत्यशीलेचं कार्ड. ‘आई बरी आहे. कापूस वेचायला जाते. तुझे विचारत नाही.’

शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम लिहिलंय. लहानपणी चिमटा काढायची, तसंच.

३ नोव्हेंबर

पुसदला कामासाठी गेलतो. तिथूनच नवा कापूर आणला. पुन्हा बाबारावच्या फळीवरून उचलायचा नव्हता. शाळेच्या तराजूत तोलला, बरोबर दोन तोळे. या वेळी माझ्या लोखंडी पेटीत ठेवला, कपड्यांवर. कुलूप लावलं. किल्ली करदोड्याला. आता कोण नेतं पाहू!

लिहिलं आणि हसू आलं. घरात मीच आहे.

मोतीबाईला सांगून टाकलं आज, आई काहून गेली ते. तिनं दुधाचं माप खाली ठेवलं. ‘कापरापायी?’ म्हणाली. मी तत्त्वाचं बोलायला लागलो. प्रतिज्ञा घेतली की घेतली, माघारी फिरता येत नाही, वगैरे. वर्गात बोलतो तसं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तू पडलता तवा ते बाई तेरा दिस निजली नाही. तिले एक खडा घ्याचा हक नाही काय?’

तरी चूक ती चूक.

१९ नोव्हेंबर

थंडी सुरू झाली. खोबरेल तेल बाटलीत थिजलं. आई बाटली चुलीजवळ ठेवायची, मला अंघोळीआधी वितळलेलं मिळायचं. मला वाटायचं आमच्याकडचं तेल थिजतच नाही.

५ डिसेंबर

तीन दिवसांनी पाठ. कापूर काढायला पेटी उघडली. झाकण वर केलं तर आतल्या बाजूला पांढरं पांढरं. आधी वाटलं बुरशी. बोट लावलं. चकाकणारे बारीक कण, सुईच्या टोकाएवढे, सगळ्या झाकणाला. वास घेतला.

कापूर.

पुडी जशी बांधली तशीच. गाठ माझीच. तराजूत टाकला — सव्वा तोळा. कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरेला, घरात तिसरं सोड, दुसरं माणूस नाही. कपड्यांना वास इतका की डोकं भणाणलं. विस्तव नाही, वाटी नाही, आणि प्रयोग माझ्या पेटीत महिनाभर चालला होता. मधली पायरी गाळून! झाकण थंडीनं गार, म्हणून वर जाऊन बसला.

पुस्तकात लिहिलंय ‘तापविले असता’. मी ते शब्द पाठ केले. न तापवता काय होतं हे कधी स्वतःला विचारलं नाही. आणि पहिली पुडी ठेवली कुठं? चुलीवर! सर्दायला नको म्हणून. कागदात, उघड्यावर, चाळीस दिवस. ती उडणार नाही तर काय होणार?

मी शिकवतो हे. पगार घेतो याचा. आणि आईला चोर म्हणालो. चोर नाही, त्याहून वाईट म्हणालो.

पेटीजवळ बसून रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

६ डिसेंबर

आज काही लिहीत नाही.

८ डिसेंबर

पाठ झाला. वाटी पालथी घातली, पांढरा थर दाखवला, वर्ग गप्प झाला. डिप्टीसाहेब पुढे आले, स्वतः बोट लावून पाहिलं. मी म्हणालो, ‘साहेब, पुस्तकात नाही, पण हा न तापवताही जातो. नुसता ठेवला तरी जातो.’ ‘हे कोणी सांगितलं?’ म्हणाले. म्हटलं, ‘मी पाहिलंय.’

शेरा — ‘शिक्षक स्वतः निरीक्षण करून शिकवतात.’ हेडमास्तर म्हणाले, तुम्ही कायम झालात समजा. चहा पाजला. कान तुटलेल्या कपातच.

घरी येऊन सांगायला कोणी नव्हतं. मोतीबाईचं दूध सकाळीच होऊन गेलेलं.

२५ डिसेंबर, बोरी अरब

नाताळची सुटी लागली, पहिल्या मोटारीनं निघालो. सत्यशीलेच्या दारात पाय ठेवला तर म्हणाली, ‘आईले चोर करून धाडलं, आता काय साव म्हणून नेतं?’ हिचं बोलणं म्हणजे! पण पाणी दिलं.

आई शेतात होती. वाटेनं विचारत गेलो. बायांच्या ओळीत शेवटून दुसरी. ओटीत कापूस, बोटं बोंडांच्या टोकांनी फाटलेली. मला पाहिलं, हात थांबले नाहीत. ‘बारीक झाला,’ म्हणाली. मग, ‘भाकर जमते काय?’ म्हटलं, नाही.

मोटारीत सगळं पाठ करत आलो होतो. ऐनवेळी एवढंच निघालं — ‘मायं चुकलं, आई. तू नाही घेतला कापूर. तो आपोआप गेला.’

बाजूच्या बाईनं मान वर केली. आई म्हणाली, ‘वेळ हाय अजून. वेचू लाग.’ मी ओळीत शिरलो. ओंजळभर वेचलं नाही तोच बोटं सोलली.

२६ डिसेंबर, बोरी अरब

सत्यशीलेच्या चुलीवर प्रयोग केला. उरलेला कापूर आणला होता. खाली एक वाटी, वर पालथी दुसरी, तिच्यावर ओलं फडकं. आई उकिडवी बसून पाहत होती. मी सांगत गेलो — हा उडतो, पाणी होत नाही, वर गार लागलं की पुन्हा बसतो. विस्तव नसला तरी हळूहळू उडतो. डिप्टीसाहेबांपुढे जीभ अडली नाही, इथं दोनदा अडली.

वाटी उलटी केली. तिनं पांढऱ्या थराला बोट लावलं, नाकाशी नेलं. ‘म्हणजे कोणी नेत नाही?’

‘कोणीच नाही. मीच चुलीवर ठेवला, म्हणून लवकर गेला.’

‘सगळा?’

‘हो. सगळा.’

ती माझ्याकडे पाहत राहिली, बराच वेळ. मला वाटलं माफ केलं. सत्यशीला म्हणाली, ‘आता बस झालं गुरुजी, माया वाट्यांचा वास जाईन काय?’ आई हसली. मी तीन महिन्यांनी पाहिलं तिला हसताना.

येते म्हणाली. शेत वेचून झाल्यावर.

२ जानेवारी १९६०, फुलसावंगी

आई आली. मोतीबाई दारातच गळ्यात पडली. दूध मापायचं राहिलं, चहा काळा प्यालो.

५ जानेवारी

तेल वितळलेलं होतं आज.

११ जानेवारी

आई भाकरी थापत होती. मी पाटावर. तव्याकडे पाहतच म्हणाली, ‘तू म्हणतं सगळा आपोआप गेला. सगळा नाही. एक खडा मी घेतलता.’

मी घास खाली ठेवला.

‘तू बोलत नोता त्या दिवशी. डॉक्टर पुराच्या पल्याड. मले काही सुचलं नाही. पळीत लावला, हात जोडले. समोर नुसती भिंत. देव तं मीच टाकलते नदीत. कोणापुढं लावला, मले बी नाही ठाऊक.’

मला राग येईल म्हणून थांबलो. आला नाही. मुदतीचा ताप होता, मुदत संपली म्हणून उतरला, असं ओठावर आलं होतं. गिळलं. म्हणालो, ‘तवाच काहून नाही सांगतलं?’

‘तू विचारलं कुठं? तू तं सांगूनच राह्यलता.’

मी घास पुन्हा उचलला. मग मी म्हणालो, ‘आता पुन्हा नाही ना लावणार?’

‘मंग आजारी पडू नोको,’ म्हणाली, आणि भाकर उलटली.